अठरा पुस्तकांचा दावा : प्रोजेक्ट गुटेनबर्ग, एस. फिशर आणि प्रताधिकाराच्या मुदतीचे दोन हिशेब

जुने पुस्तक महाजालावर मोफत ठेवायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो तो ते प्रताधिकारमुक्त आहे का, हा. प्रश्न सरळ वाटतो. परंतु कोणत्या देशात आणि कोणत्या तारखेपासून, हे सांगितल्याखेरीज त्याला उत्तर देता येत नाही. कागदी पुस्तकांच्या काळात ही उणीव फारशी जाणवत नसे, कारण पुस्तक छापले जाई एका देशात, विकले जाई बहुधा त्याच देशात, आणि सीमा ओलांडणाऱ्या प्रती मोजक्याच असत. महाजालावर मात्र एका ठिकाणी ठेवलेली प्रत त्याच क्षणी सर्वत्र ठेवलेली असते. जुनी पुस्तके महाजालावर मोफत ठेवणारा अमेरिकेतील प्रोजेक्ट गुटेनबर्ग हा उपक्रम आणि जर्मनीतील एस. फिशर ही प्रकाशनसंस्था यांच्यातील वाद या एकाच गोष्टीतून उभा राहिला. वादाचा विषय होता अठरा पुस्तके. त्याची झळ लागली पन्नास हजारांहून अधिक पुस्तकांना, आणि ती सोसली अशा वाचकांनी ज्यांचा त्या अठरा पुस्तकांशी बहुतांशी काही संबंध नव्हता.

दोन्ही पक्ष

प्रोजेक्ट गुटेनबर्गची सुरुवात ४ जुलै १९७१ रोजी झाली. इलिनॉय विद्यापीठातील मायकेल हार्ट या विद्यार्थ्याला तेथील मोठ्या संगणकावर काम करण्याची मुभा मिळाली होती, आणि त्या वेळेचा उपयोग करून त्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकलिखित करून इतरांसाठी उपलब्ध करून ठेवला. पुढील दोन दशके हे काम जवळपास एकहाती आणि अत्यंत संथ चालले. महाजालाचा प्रसार झाल्यावर त्याला स्वयंसेवक मिळाले, आणि २००० साली सुरू झालेल्या डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स या उपक्रमामुळे एका पुस्तकाचे मुद्रितशोधन पानापानांनी वाटून शेकडो जणांना करता येऊ लागले. मूळ पानाचे छायाचित्र एका बाजूला, यंत्राने वाचलेला मजकूर दुसऱ्या बाजूला, आणि मधे बसून चुका टिपणारा एक अनोळखी माणूस, अशा रीतीने हा संग्रह वाढला. हार्ट २०११ मध्ये निवर्तले. तोपर्यंत कामाची जबाबदारी एका ना-नफा प्रतिष्ठानाकडे गेलेली होती. या प्रतिष्ठानाचे जर्मनीत कार्यालय नव्हते, कर्मचारी नव्हते आणि मालमत्ताही नव्हती.

एस. फिशर ही संस्था झामुएल फिशर यांनी १८८६ मध्ये बर्लिनमध्ये स्थापन केली. (साहित्यकृतींच्या आंतरराष्ट्रीय संरक्षणाचा बर्न करारही त्याच वर्षीचा आहे, हा योगायोगच, परंतु या प्रकरणात तो मनात राहतो.) टोमास मान यांची १९०१ मधील पहिली कादंबरी याच संस्थेने प्रसिद्ध केली, आणि १९२९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा त्याचे मुख्य कारण म्हणून याच कादंबरीचा उल्लेख झाला. नाझी राजवटीत या संस्थेची फाळणी झाली: एक भाग बर्लिनमध्ये राहिला, तर दुसरा व्हिएन्ना, स्टॉकहोम आणि अखेर अमेरिका असा फिरत राहिला. युद्धानंतर संस्था फ्रँकफर्टमध्ये पुन्हा उभी राहिली. मोफत पुस्तके देणारा सज्जन आणि हक्क सांगणारा लोभी अशी विभागणी या प्रकरणात करू नये, असे मला वाटते ते या इतिहासामुळे. आपल्या लेखकांसाठी परागंदा झालेल्या प्रकाशकाने त्या लेखकांच्या वारसांचे हक्क कायद्याच्या मुदतीपर्यंत सांभाळावेत यात गैर काही नाही.

ज्या तीन लेखकांच्या पुस्तकांवरून दावा झाला ते होते हाइनरिश मान, त्यांचे धाकटे बंधू टोमास मान आणि आल्फ्रेड डोब्लिन. तिघांनाही हिटलरच्या काळात जर्मनी सोडावी लागली आणि तिघांनीही त्या काळातील काही वर्षे अमेरिकेत आश्रय घेतला; हाइनरिश यांचा मृत्यूही कॅलिफोर्नियातच झाला. लेखकांना जर्मनीत जागा नव्हती तेव्हा अमेरिकेत मिळाली, आणि त्यांच्या जुन्या पुस्तकांना अमेरिकेत मुभा होती तेव्हा जर्मनीत नव्हती.

मुदत कोठून मोजायची

वादाचे मूळ दोन देशांनी प्रताधिकाराची मुदत दोन निरनिराळ्या बिंदूंपासून मोजण्यात आहे, आणि हा भाग समजल्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही.

जर्मनीत मुदत लेखकाच्या मृत्यूपासून मोजली जाते. १९६५ च्या कायद्याने ती ७० वर्षांची झाली आणि १९९३ च्या निर्देशाने युरोपीय समुदायातील इतर देशांनाही हीच मुदत लागू करण्यात आली. ज्या वर्षी लेखक निवर्तला त्या वर्षाच्या अखेरीपासून ७० वर्षे मोजायची, म्हणजे मुक्ती नेहमी १ जानेवारीला मिळते. हाइनरिश मान १९५० मध्ये, टोमास मान १९५५ मध्ये आणि डोब्लिन १९५७ मध्ये निवर्तले. त्यामुळे त्यांच्या लेखनाला जर्मनीत अनुक्रमे २०२०, २०२५ आणि २०२७ या वर्षांच्या अखेरीपर्यंत संरक्षण होते. पुस्तक लेखकाने पंचविशीत लिहिले की सत्तरीत, याने काही फरक पडत नाही.

अमेरिकेत जुन्या पुस्तकांबाबत हिशेब प्रकाशनाच्या वर्षापासून होतो. १९९८ मध्ये मुदत २० वर्षांनी वाढवून अशा पुस्तकांसाठी ती कमाल ९५ वर्षे करण्यात आली, आणि या वाढीचा परिणाम म्हणून मुक्तीची सीमारेषा दोन दशके एकाच जागी गोठून राहिली: १९२३ पूर्वी प्रसिद्ध झालेले ते मुक्त, त्यानंतरचे ते बहुधा बंदिस्त. ही रेषा १ जानेवारी २०१९ रोजी पुन्हा सरकू लागली. १९९४ च्या एका कायद्याने परदेशी पुस्तकांचे अमेरिकेतील गमावलेले संरक्षण पुनरुज्जीवित केले होते, पण १९२३ पूर्वीच्या पुस्तकांना त्याचा लाभ नव्हता, कारण त्यांची मुदत कोणत्याही हिशेबाने संपलेलीच होती. म्हणून टोमास मान यांची १९०१ ची कादंबरी अमेरिकेत निर्विवाद मुक्त होती, आणि डोब्लिन यांची १९२९ ची बर्लिनवरील प्रसिद्ध कादंबरी मात्र अमेरिकेतही २०२४ च्या अखेरीपर्यंत बंदिस्त होती. प्रोजेक्ट गुटेनबर्गने आपल्या देशाचा कायदा धाब्यावर बसवला होता असे कोणी म्हणू शकत नाही. तो तर ही संस्था काटेकोरपणे पाळत होती.

उलट बाजूचीही उदाहरणे घडतात. एखाद्या लेखकाने १९३२ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले आणि तो १९३९ मध्ये निवर्तला, तर जर्मनीत ते २०१० पासून मुक्त होते. अमेरिकेत ९५ वर्षांचा हिशेब लागू असल्यास त्याला २०२७ च्या अखेरीपर्यंत थांबावे लागते. म्हणजे अमेरिकी कायदा सैल आणि जर्मन कायदा कडक, असे सरसकट म्हणता येत नाही.

तिसऱ्या देशांचा विचार केला तर चित्र आणखी विस्कटते. भारतात १९९२ च्या दुरुस्तीने मृत्यूनंतरची ५० वर्षे ६० झाली. त्या हिशेबाने टोमास मान यांची मुदत २०१५ च्या ३१ डिसेंबरला संपते. कॅनडात तेव्हा ५० वर्षांचाच नियम होता, तो २०२२ च्या अखेरीस बदलला. एकाच वेळी एकच कादंबरी एका देशात दशकभरापूर्वीच मोकळी झालेली, दुसऱ्यात नुकती मोकळी होत असलेली आणि तिसऱ्यात आणखी दहा वर्षे बांधलेली, अशी ही स्थिती होती.

या विसंगतीवर बर्न कराराने तोडगा काढलेला नाही असे नाही. करार सांगतो की ज्या देशात संरक्षण मागितले जाते त्या देशाचा कायदा लागू होतो, आणि त्या देशाने वेगळे ठरवले नसेल तर परकीय कृतीला तिच्या मूळ देशापेक्षा अधिक मुदत मिळत नाही. छापील पुस्तकांसाठी हा तोडगा पुरेसा होता. महाजालावरील पुस्तकाच्या बाबतीत मात्र ‘संरक्षण मागितले जाणारा देश’ वाचक जेथे बसला असेल तो कोणताही देश असू शकतो, ही शक्यता १८८६ मध्ये कोणाच्या स्वप्नातही आली नसणार.

न्यायालयापुढे

प्रतिष्ठानाला दाव्याची माहिती मिळाली ती ३० डिसेंबर २०१५ रोजी. प्रतिष्ठान आणि त्याचे मुख्य कार्यकारी अशा दोघांनाही प्रतिवादी करण्यात आले होते. बचावाचा पाया साधा होता: आम्ही अमेरिकेतील संस्था आहोत, आमचे संगणक अमेरिकेत आहेत, ही पुस्तके अमेरिकेत मुक्त आहेत, आणि इतर देशांतील वाचकांनी आपापल्या देशाचा कायदा तपासून घ्यावा अशी सूचना आम्ही दिलेली आहे, तेव्हा जर्मन न्यायालयाला आमच्यावर अधिकारच पोहोचत नाही.

फ्रँकफर्टच्या प्रादेशिक न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०१८ रोजी हा बचाव फेटाळला. पुस्तके जर्मन भाषेत होती, संकेतस्थळाचा काही भागही जर्मनमध्ये उपलब्ध होता, आणि पुस्तके कोठल्याही वाचकाला वापरता यावीत हा उपक्रमाचा घोषित हेतू होता. या साऱ्यावरून जर्मनीतील वाचक हा योगायोगाने आलेला पाहुणा नसून अपेक्षित वाचक आहे, असे न्यायालयाने धरले. ‘आपला कायदा तपासा’ ही सूचना न्यायालयाला पुरेशी वाटली नाही. आम्ही केवळ जागा देतो, पुस्तके स्वयंसेवक चढवतात, हा युक्तिवादही टिकला नाही, कारण प्रत्येक पुस्तकावर प्रकल्पाचे नाव आणि प्रकल्पाच्या अटी असतात. ती अठरा पुस्तके जर्मनीतील वापरकर्त्यांना उपलब्ध होणार नाहीत अशी व्यवस्था करावी, अन्यथा प्रत्येक उल्लंघनामागे २,५०,००० युरोंपर्यंत दंड किंवा कैद, असा आदेश झाला. एप्रिल २०१९ मध्ये फ्रँकफर्टच्याच उच्च प्रादेशिक न्यायालयाने हा निर्णय मुख्यतः कायम ठेवला.

निकालातील कायद्याच्या भागाशी वाद घालणे कठीण आहे. एखाद्या परदेशी संस्थेने जर्मन वाचकांना जर्मन भाषेत, जर्मनीत संरक्षित असलेले पुस्तक दिले आणि ते केवळ संगणक दुसरीकडे आहे म्हणून वैध ठरले, तर मुदतीच्या नियमाला काही अर्थच उरणार नाही. ज्या देशात मुदत सर्वांत कमी तेथे संगणक ठेवला की काम भागले. सूचनेबद्दलचे न्यायालयाचे मतही योग्यच म्हटले पाहिजे. ‘आपण तपासून घ्या’ असे सांगून जबाबदारी वाचकावर टाकता येते, पण तो वाचक लेखकाच्या मृत्यूचे वर्ष शोधून, त्यात ७० मिळवून मग पुस्तक उतरवून घेईल अशी अपेक्षा कोणी गंभीरपणे करत नाही.

तरीही भाषेचा मुद्दा मला खटकतो. जर्मन ही केवळ जर्मनीची भाषा नाही. अमेरिकेत जर्मन शिकणारा विद्यार्थी, ब्राझीलमधील जर्मनभाषक कुटुंब किंवा एखाद्या भारतीय विद्यापीठातील जर्मन विभाग यांच्यासाठीही ही पुस्तके ठेवलेली असू शकतात. पुस्तकाच्या भाषेवरून त्याच्या अपेक्षित वाचकाचा देश ठरवणे सोयीचे आहे, पण सोय आणि पुरावा यांत अंतर असते. न्यायालयाने भाषेखेरीज इतर गोष्टींचाही आधार घेतला होता, म्हणून निकाल एवढ्या एका मुद्द्यावर कोसळत नाही.

पन्नास हजार पुस्तके बंद

येथून पुढे प्रकरणाने अनपेक्षित वळण घेतले. आदेश अठरा पुस्तकांपुरता होता. प्रतिष्ठानाने २८ फेब्रुवारी २०१८ रोजी जर्मनीतील आयपी पत्त्यांना (महाजालाला जोडलेल्या यंत्राचा क्रमांक, ज्यावरून त्याचा देश ओळखता येतो) संपूर्ण संकेतस्थळच बंद केले. शेक्सपिअर बंद, बायबल बंद, शंभर वर्षांपूर्वीचे पाकशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र बंद. जर्मनीच्या कायद्यानेही कित्येक पिढ्यांपासून मुक्त असलेला गटेदेखील बंद.

प्रतिष्ठानाने दिलेले कारण असे होते की हा निकाल अठरा पुस्तकांवर थांबण्याची शाश्वती नाही. उद्या दुसरा प्रकाशक दुसऱ्या यादीसह येईल, आणि एका ना-नफा संस्थेला प्रत्येक वेळी परदेशात खटला लढणे परवडणार नाही. या निर्णयावर तेव्हा बरीच टीका झाली. निषेध म्हणून वाचकांना वेठीस धरले, असे अनेकांना वाटले, आणि त्यात काही तथ्य असावे असे मलाही वाटते. पण भीती खोटी होती असे म्हणता येत नाही, आणि ती का खोटी नव्हती हे समजण्यासाठी पुस्तक मुक्त आहे की नाही हे प्रत्यक्षात कसे तपासले जाते ते पाहावे लागते.

अमेरिकी हिशेबाने तपासणी सोपी असते. स्वयंसेवक पुस्तकाच्या शीर्षकपानाचे आणि त्याच्या मागील बाजूचे छायाचित्र पाठवतो. त्यावर प्रकाशनाचे वर्ष छापलेले असते, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर निर्णय होतो. उत्तर पुस्तकातच असते. मृत्यूपासून मुदत मोजायची झाली की उत्तर पुस्तकाबाहेर जाते. लेखक प्रसिद्ध असेल तर ठीक; पण एका पुस्तकात लेखकासोबत अनुवादक असतो, चित्रकार असतो, प्रस्तावनाकार असतो, टीपा लिहिणारा संपादक असतो, आणि या प्रत्येकाच्या योगदानाला स्वतंत्र मुदत असते. दोघांनी मिळून लिहिले असेल तर नंतर निवर्तलेल्याचे वर्ष धरायचे. १९०५ मध्ये एखाद्या कादंबरीचा अनुवाद करणारी बाई, जिच्याबद्दल नावाच्या आद्याक्षरांपलीकडे काहीही नोंदलेले नाही, ती १९१० मध्ये वारली की १९६५ मध्ये, हे कोण सांगणार? आणि तिच्या मृत्यूचे वर्ष सापडले तरी त्याचा अर्थ प्रत्येक देशात वेगळा लागणार. पन्नास हजार पुस्तके, प्रत्येकात दोन-तीन योगदाते, आणि प्रत्येकाच्या बाबतीत ५०, ६०, ७० असे वेगवेगळे हिशेब, हे काम पगारी वकिलांच्या फौजेलाही जड जाईल. ते फावल्या वेळात मुद्रितशोधन करणाऱ्यांकडून होणे अशक्य होते.

म्हणजे न्यायालयाने एका पुस्तकाकडे पाहिले तर त्याचे बरोबर होते, आणि प्रतिष्ठानाने संपूर्ण संग्रहाकडे पाहिले तर त्याचेही फारसे चुकत नव्हते. आयपी पत्त्यावरून घातलेला अडसर किती पक्का असतो हा प्रश्न वेगळाच आहे; थोडे तांत्रिक ज्ञान असलेला वाचक दुसऱ्या देशामार्गे सहज आत शिरू शकतो, आणि जर्मनीतील कोणी तसे केले नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. अडले ते साधे वाचक.

आणखी एक गोंधळ नोंदवून ठेवावासा वाटतो. जर्मनीत नावात साधर्म्य असलेला ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग-डीई’ हा १९९४ पासूनचा स्वतंत्र संग्रह आहे. अमेरिकी प्रतिष्ठानाशी त्याचा संबंध नाही, आणि तो पहिल्यापासून मृत्यूनंतरच्या ७० वर्षांचा नियम पाळत आला आहे. मृत्यूच्या वर्षावरून संग्रह चालवणे शक्य आहे याचा तो पुरावा म्हणून दाखवला जाऊ शकतो. पण तो एका देशाच्या कायद्यापुरता आणि मुख्यतः एकाच भाषेपुरता चालतो, हे विसरून चालणार नाही.

तडजोड

ऑक्टोबर २०२१ मध्ये दोन्ही पक्षांनी तडजोड केली आणि सर्वोच्च स्तरावरील निकालाची वेळ आलीच नाही. तोपर्यंत हाइनरिश मान यांची मुदत २०२० च्या अखेरीस आपोआप संपली होती, त्यामुळे त्यांची पुस्तके वादातून गळाली. टोमास मान आणि डोब्लिन यांची वादातील पुस्तके मुदत संपेपर्यंत जर्मनीतील वाचकांपुरती बंद ठेवायची, आणि बाकी संपूर्ण संग्रह जर्मनीसाठी पुन्हा खुला करायचा, असे ठरले. साडेतीन वर्षांहून अधिक काळ बंद असलेले संकेतस्थळ जर्मनीत पुन्हा दिसू लागले.

या तडजोडीकडे पाहिले की एक गोष्ट लपत नाही. ठराविक पुस्तके, ठराविक देशात, ठराविक तारखेपर्यंत अडवणे ही व्यवस्था २०१५ मध्येही तांत्रिकदृष्ट्या शक्य होती. प्रतिष्ठानाला ती सुरुवातीला मान्य नव्हती, कारण ती मान्य करणे म्हणजे परदेशी कायद्याची सत्ता मान्य करणे होते. प्रकाशकाला न्यायालयाचा आदेश हवा होता, कारण अशा एखाद्या आदेशाने पुढील अनेक वादांचा निकाल आधीच लागतो. दोघांनाही तत्त्व हवे होते. दोघांनाही सहा वर्षांनी हाती आली ती एक यादी.

माझ्या मते अशा संग्रहांसाठी यादी हाच व्यवहार्य मार्ग आहे, आणि ती करण्याची पहिली जबाबदारी हक्क सांगणाऱ्याची असावी. पुस्तकाचे हक्क आपल्याकडे आहेत हे ज्याला ठाऊक आहे, ज्याच्याकडे करार आणि वारसांचा पत्ता आहे, त्यानेच देश, पुस्तक आणि मुदतीची तारीख कळवावी. आणि तसे कळवल्यावर संग्रहाने ते पुस्तक त्या देशापुरते तत्काळ अडवावे, मात्र न कळवलेल्या पुस्तकांसाठी त्याला दंडाच्या भीतीखाली ठेवू नये. पन्नास हजार पुस्तकांच्या योगदात्यांच्या मृत्यूच्या तारखा शोधण्यापेक्षा अठरा पुस्तकांची यादी पाठवणे कितीतरी स्वस्त आहे. याला एक अडचण आहे ती मी नाकारत नाही: लहान प्रकाशकाला किंवा एकट्या वारसाला आपले पुस्तक कोठे चढवले गेले आहे याचा पत्ताच नसतो, आणि कळवण्याचा भार त्याच्यावर टाकला तर त्याचा हक्क कागदावरच राहण्याची भीती आहे. फिशरसारख्या संस्थेला हा भार पेलतो. सर्वांना पेलेल असे नाही, आणि म्हणून कळवण्याची पद्धत वकिलाशिवाय एका साध्या अर्जावर चालेल अशी असायला हवी.

तडजोडीतील तारखा तेवढ्या पक्क्या आहेत. टोमास मान यांच्या लेखनाची जर्मनीतील मुदत २०२५ च्या ३१ डिसेंबरला संपते, आणि डोब्लिन यांची त्यानंतर दोन वर्षांनी, ३१ डिसेंबर २०२७ रोजी मध्यरात्री. त्या रात्रीनंतर अठरांपैकी एकाही पुस्तकावर जर्मनीत कोणाचा दावा उरणार नाही.